डावं-उजवं

टेबलाखालचा अंधार, वायरींचा गुंता आणि कोपऱ्यातली धूळ, हा तिचा मुलूख. वर हातांचं राज्य. स्क्रीनचा उजेड तिकडं, जॉयस्टिकची मूठ तिकडं, आणि कुणी बघायला आलं तर त्याचे डोळेही तिकडंच. खाली वाकून पेडलांच्या या जोडीकडं कुणी बघत नाही. विमान झोकात वळलं की लोक म्हणतात, पोराच्या हातात कसब आहे. त्या वळणात विमानाचं नाक घसरू दिलं नाही ते पायांनी, आणि पायांचं म्हणणं विमानाच्या शेपटीपर्यंत पोचवलं ते या जोडीनं. तिचं नाव घ्यायला कुणीतरी हवं, म्हणून हे लिहितो आहे.

अंबाजोगाईत माझ्या पुतण्याच्या खोलीत तिचा मुक्काम असतो. मूळची ती मोटारीची. शर्यतीच्या खेळाचा जुना संच पुण्याहून आला होता: एक स्टिअरिंग आणि तीन पेडलं. स्टिअरिंगच्या आत काहीतरी जळालं आणि ते माळ्यावर गेलं. पेडलं खालीच राहिली. डावीकडं क्लच, मधे ब्रेक, उजवीकडं ॲक्सिलरेटर. पाय घसरू नये म्हणून धातूच्या पट्ट्यांवर बारीक गोल उठाव, खाली जड काळं बूड, आणि वायरीच्या टोकाला नऊ पिनांचा एक प्लग. हा प्लग संगणकाला लागत नाही, स्टिअरिंगच्या पोटात लागतो. धनी गेल्यावर ही पेडलं मुकीच झाली होती.

पुतण्यानं त्यांना वाचा दिली. प्रत्येक पेडलाच्या बगलेत एक पोटेन्शिओमीटर असतो. पेडल दाबलं की त्याचा दांडा फिरतो आणि मधल्या तारेवरचं व्होल्टेज बदलतं. एवढंच त्याचं बोलणं. पुतण्यानं प्लग कापला, तारा सोलल्या आणि बोटभर लांबीच्या आर्डुइनो प्रो मायक्रो नावाच्या पट्टीला डाग दिले. ही पट्टी यूएसबीतून संगणकाला सांगते, मी जॉयस्टिक आहे. संगणक विश्वास ठेवतो. व्होल्टेजचे ती १०२४ भाग पाडते, ० ते १०२३, आणि पेडल कुठं आहे ते आकड्यात कळवते. पहिल्यांदा आकडे स्क्रीनवर आले तेव्हा आम्ही दोघं वाकून बघत होतो. पाय काढून घेतला तरी आकडा शून्यावर जाईना, चाळिशीच्या आसपास घुटमळत राहिला. पूर्ण दाबलं तरी हजाराच्या अलीकडंच थांबला. तारांना हात लागला की दोन-चार घरं इकडंतिकडं. कागदावर जी सरळ रेघ असते ती प्रत्यक्षात अशी थरथरती असते. म्हणून आधी पेडलाची खरी सुरुवात आणि खरा शेवट कुठं आहे ते बघून घ्यायचं आणि तेच शून्य आणि शंभर टक्के असं प्रोग्रॅममध्ये लिहायचं. याला कॅलिब्रेशन म्हणतात. जोडीच्या ताब्यात विमान देण्याआधी तिचा स्वभाव असा समजून घ्यावा लागतो.

खरी अडचण पुढं होती. मोटारीच्या पेडलाला एकच दिशा माहीत असते: काहीच नाही ते सगळं. विमानाच्या रडरला, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूला, मध्य लागतो. मध्यापासून डावीकडं, मध्यापासून उजवीकडं, आणि पाय सोडले की परत मध्यावर. क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या या जोडीला मध्य नावाची जागाच ठाऊक नव्हती. वजाबाकीनं ती मिळाली. उजव्याच्या आकड्यातून डाव्याचा वजा करायचा. दोन्ही मोकळी असतील तर शून्य, उजवं दाबलं तर अधिक, डावं दाबलं तर उणे. शर्यतीच्या काही संचांच्या सॉफ्टवेअरमध्येच दोन पेडलं एका अक्षावर जोडायची सोय असते. ती असेल आणि स्टिअरिंग चालू असेल तर तारा कापायचीही गरज नाही.

हिशोब जमला, विमान वळायलाही लागलं. पण ही जोडी अजून जोडी नव्हती, दोन शेजारी होते. खऱ्या विमानात उजवं पेडल पुढं गेलं की डावं तेवढंच मागं येतं. एका पायाला दुसऱ्याची खबर सतत असते. इथं दोन्ही पाय एकदम पूर्ण दाबता येत होते आणि विमानाला त्यातलं काहीच कळत नव्हतं. त्यात क्लचची स्प्रिंग कडक आणि ॲक्सिलरेटरची नरम. मोटारीत ते बरोबरच आहे, तिथं दोघांची कामं वेगळी. विमानात मात्र हे चक्क डावं-उजवं करणं झालं. उजवा पाय नुसता ठेवला तरी विमान उजवीकडं ओढ घेई, आणि डावीकडं वळायचं तर पोटरी भरून येई. सेटिंगमध्ये आकडे फिरवून हा पक्षपात स्क्रीनवर झाकता येतो. पायाला मात्र तो जाणवतच राहतो. शेवटी दोन्हीकडं एकाच जातीच्या स्प्रिंगा बसवल्या.

आणि मग आली तार. या एका दुरुस्तीवर माझा फार जीव आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बूड प्लायवूडच्या फळीवर स्क्रूनं आवळलं आणि फळी भिंतीला भिडवली, कारण गुळगुळीत फरशीवर जोर लावला की पेडलं पुढं पळायची. चाकांची खुर्ची उलट मागं पळते, म्हणून तिच्या जागी साधी प्लास्टिकची आणली. पेडलांच्या पलीकडं, बरोबर मध्यावर, हार्डवेअरच्या दुकानातली एक छोटी कप्पी ठोकली. सायकलच्या ब्रेकची तार डाव्या पेडलाला बांधून, कप्पीवरून घेऊन, उजव्याला बांधली. आधी नायलॉनची दोरी लावून पाहिली होती, पण ती ताणते आणि रोज थोडी सैल होते. तारेची लांबी अशी ठेवायची की दोन्ही पेडलं अर्धी दाबलेली राहतील. आता बघा काय होतं. स्प्रिंगा दोन्ही पेडलांना मागं, बसणाऱ्याकडं ढकलतात, तार दोघांनाही धरून ठेवते. डावं दाबलं की डावीकडची तार सैल पडते, ती सैल उजवी स्प्रिंग लगेच खाऊन टाकते आणि उजवं पेडल तेवढंच मागं येतं. डावी स्प्रिंग जास्त दबलेली, उजवी कमी, म्हणून पाय सोडताच डावी जोर करते आणि दोघं पुन्हा बरोबरीला येतात. मध्य कुणी सांगायला नको, दोघांच्या ओढाताणीतूनच तो निघतो. स्प्रिंगा सारख्या नसत्या तर हा मध्य एका अंगाला सरकला असता. आधीच्या त्या न्यायनिवाड्याचं महत्त्व इथं कळलं.

तार बसल्यावर वजाबाकीचीही गरज उरली नाही, एकाच पेडलाचा आकडा पुरतो. मधला मूळचा ब्रेक ब्रेकच राहिला आणि दोन्ही चाकांना एकदम लागू लागला.

हे चाललेलं असताना केज तालुक्यातल्या गावाहून आमचे चुलते, तात्या, आले होते. त्यांचं सगळं आयुष्य ट्रॅक्टरवर गेलं. विमानात ते एकदाही बसलेले नाहीत. पुतण्यानं त्यांना खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, "तात्या, उजवा पाय दाबला की उजवीकडं वळतं." आम्हा बाकीच्यांना हे अंगवळणी पडायला वेळ लागला होता, कारण सायकलचं हँडल उजव्या हातानं पुढं ढकललं तर सायकल डावीकडं जाते आणि डोक्यात तेच बसलेलं असतं. तात्यांनी पहिल्या दमात विमान धावपट्टीच्या मधल्या रेघेवर आणलं. म्हणाले, "आरं, हे तर ट्रॅक्टरवानीच हाय की!" ट्रॅक्टरला मागच्या दोन चाकांचे दोन वेगळे ब्रेक असतात. धुऱ्यावर वळायचं तर उजव्या चाकाचा ब्रेक दाबायचा, ते चाक जागी थांबतं आणि ट्रॅक्टर त्याच्याभोवती फिरतो. रस्त्याला लागल्यावर दोन्ही ब्रेक खिट्टीनं एकत्र अडकवायचे. पायानं दिशा द्यायची हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला नवं नाही.

आकाशात मात्र पायांना वेगळं काम आहे, आणि ते कळायला विमानाचा शोध लावणाऱ्यांनाही वेळ लागला. राइट बंधूंनी १९०२ च्या ग्लायडरला आधी न हलणारं उभं शेपूट लावलं होतं. वळताना ते यंत्र एका अंगावर घसरून जमिनीत घुसायचं. मग त्यांनी ते शेपूट हलतं केलं आणि पंख मुरडणाऱ्या दोऱ्यांनाच जोडलं. १७ डिसेंबर १९०३ ला जे विमान उडालं त्यात चालक पालथा झोपून कमरेनं पंख आणि शेपूट दोन्ही एकदम हलवत होता. पाय रिकामेच होते. २५ जुलै १९०९ ला लुई ब्लेरिओनं इंग्लिश खाडी ओलांडली तेव्हा तो बसलेला होता, आणि त्याच्या पायांखाली सुकाणूची आडवी दांडी होती. आपली जोडी त्या दांडीच्या वंशातली.

तिचं काम कशामुळं निघतं ते थोडक्यात सांगतो. विमान उजवीकडं कलवायचं तर डावा पंख वर उचलावा लागतो. जास्त उचल घेणारा पंख हवेत जास्त अडतो, म्हणजे डावा पंख मागं ओढला जातो आणि नाक डावीकडं, उलट्या दिशेला, निघतं. हाताच्या कामाचीच ही उलटी फळं, आणि ती पायांनी निस्तरायची असतात. पंख जितके लांब तितकी ही खोड मोठी. म्हणून ग्लायडर उडवणारे पायांना फार मानतात. ग्लायडरच्या काचेवर समोर लोकरीचा एक धागा चिकटवलेला असतो. पाय बरोबर असतील तर तो सरळ मागं लहरतो, पाय चुकला की तिरका होतो. इतकं स्वस्त आणि इतकं सच्चं उपकरण विमानविद्येत दुसरं नसेल. इंजिनाच्या छोट्या विमानात धाग्याच्या जागी बाकदार काचनळीतली गोळी असते. गोळी ज्या बाजूला सरकेल त्या बाजूचं पेडल दाबायचं.

पुतण्याकडं फ्लाइटगिअर आहे. १९९७ साली पहिल्यांदा आलेलं हे सिम्युलेटर फुकट मिळतं आणि जुन्या संगणकावरही चालतं. त्यात या जोडीला कामावर घेताना काही गोष्टी नीट बघाव्या लागतात. पहिली, बाहेरचं दृश्य लावून शेपटी बघणं: उजवं पेडल दाबल्यावर सुकाणू उजवीकडं गेलं पाहिजे, नसेल तर अक्ष उलटा करायचा. दुसरी फार छळते. जॉयस्टिकची मूठ पिळली तरी रडर हलतं अशी सोय बहुतेक सिम्युलेटर आपणहून लावून ठेवतात. ती काढली नाही तर एकाच सुकाणूला दोन मालक होतात आणि विमान झटके खातं. रेसिंगचं पेडल दिसलं की काही सिम्युलेटर ते थ्रॉटलला नाही तर ब्रेकला आपणच जोडून टाकतात, तेही तपासायचं. तिसरी, रडर आपोआप सांभाळणारी मदत बंद करणं. फ्लाइटगिअरमध्ये तिचं नाव ऑटो-कोऑर्डिनेशन. ती चालू असेल तर पायांनी काहीही करा, शाबासकी संगणकालाच. मग मध्याजवळ थोडा डेड झोन ठेवायचा, म्हणजे पाय नुसते टेकले तर विमान हलू नये. कप्पीत घर्षण असतं, तार अगदी शून्यावर परतत नाही, तेवढ्यापुरताच हा झोन हवा. जास्त ठेवला तर जोडी बहिरी होते. शेवटी प्रतिसादाची रेघ: मध्याजवळ सौम्य आणि टोकाकडं तीव्र अशी वाकवली की बारीक सुधारणा करता येतात.

आमच्या बीड जिल्ह्यात विमानतळ नाही, म्हणून पुतण्या निघतो तो छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्याहून. विमान सेस्ना १७२. ते १९५५ साली पहिल्यांदा उडालं, आजवर ४४ हजारांहून जास्त बनली, आणि जगभरातली शिकाऊ पोरं त्यावर हात साफ करतात. म्हणजे पायही. थ्रॉटल पूर्ण पुढं केला की नाक डावीकडं निघतं, कारण बसणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर पंखा घड्याळाच्या दिशेनं फिरतो आणि त्यानं मागं फेकलेली पिळाची हवा शेपटीच्या डाव्या अंगावर आदळते. उजवा पाय हळूहळू आत जातो. वेग वाढत जातो तसा पायाचा दाब बदलत राहतो. मी टेबलाखाली वाकून हे पाहिलं आहे. वर हात जवळजवळ स्थिर, आणि खाली टाचा फरशीवर टेकून पायांची केसभर केसभर हालचाल अखंड चाललेली. तार एकदा इकडं, एकदा तिकडं, कप्पीतून कुईकुई करत. मग दक्षिणेकडं वळायचं. उजव्या हाताला पैठणचा नाथसागर पसरलेला, पुढं गोदावरी, ती ओलांडली की आपला जिल्हा. गेवराई, बीड, आणि पलीकडं बालाघाटाची रांग. त्या रांगेवर अंबाजोगाईच्या दिशेनं वळताना पुतण्याची नजर गोळीवर असते. वळण पुरं होईतो गोळी मधोमध राहिली तर तो मला हाक मारून दाखवतो. जिल्ह्यावरून असं वळण घेणारा पोरगा आमच्या घरात निघाला याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

या जोडीचा एक धाक मात्र मनात असावा. १२ नोव्हेंबर २००१ ला अमेरिकन एअरलाइन्सचं ५८७ क्रमांकाचं एअरबस विमान न्यूयॉर्कहून उडालं आणि पुढं गेलेल्या जंबो जेटनं ढवळलेल्या हवेत सापडलं. सहवैमानिकानं सुकाणूची पेडलं एकामागून एक डावी-उजवी जोरात दाबली. शेपटीवरचा उभा पंख तुटून पडला. विमानातले २६० आणि जमिनीवरचे ५ जण गेले. चौकशीचा निष्कर्ष २००४ मध्ये आला: पायांचे ते आघात अनावश्यक आणि मर्यादेबाहेरचे होते. त्या विमानाची पेडलं हलक्या दाबालाही मोठा प्रतिसाद देणारी होती आणि प्रशिक्षणातही उणीव होती, हेही त्यात नोंदलं गेलं. मी पुतण्याला हे सगळं वाचून दाखवलं. त्यानं प्रतिसादाची रेघ त्याच दिवशी आणखी सौम्य केली. खेळातल्या विमानाची शेपटी तुटत नाही, पण पायांना सवय इथंच लागते.

जोडीची खरी परीक्षा आडव्या वाऱ्यात. चिकलठाण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम, म्हणून सेटिंगमध्ये वारा दक्षिणेकडून सोडायचा आणि पश्चिमेकडं तोंड करून उतरायचं. येताना विमान नाक डावीकडं, वाऱ्याकडं ठेवून तिरकं येतं. तसंच टेकलं तर चाकं फरफटतील. म्हणून जमीन हातभर उरली की उजवा पाय दाबून नाक धावपट्टीच्या रेषेत आणायचं, त्याच क्षणी हातानं डावा पंख किंचित खाली धरायचा, आणि डावं चाक आधी टेकू द्यायचं. हात एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. या घटकेला जोडीतला थोडाही सैलपणा चालत नाही. इथंच पुतण्याला कळलं की जुना पोटेन्शिओमीटर मध्यापाशी झिजला आहे, आकडा तिथंच उडी मारतो. ते साहजिक आहे, तार बसल्यापासून बहुतेक वेळ पेडल मध्याच्या आसपासच हलत असतं. आता त्याच्या जागी चुंबक आणि हॉल सेन्सर बसवायचा आहे. त्यात घासणारं काही नसतं, त्यामुळं झीजही नाही.

तात्यांची तक्रार वेगळीच आहे. दोन्ही चाकांना मिळून एकच ब्रेक त्यांना मान्य नाही. "कामून एकच? धुऱ्यावर वळवायचं कसं मग?" आणि त्यांचं बरोबर आहे. सेस्ना १७२ चं पुढचं चाक पेडलांनी दोन्ही बाजूंना साधारण १० अंशच वळतं, एका बाजूचा ब्रेक जोडीला घेतला तर ३० अंशांपर्यंत. खऱ्या विमानात ते ब्रेक पेडलांच्या वरच्या काठावर असतात, पंजानं दाबायचे, डाव्या चाकाला डावा, उजव्याला उजवा. त्यासाठी प्रत्येक पेडलावर आणखी एक हलती पट्टी, तिची बिजागरी, तिची स्प्रिंग आणि तिचा सेन्सर हवा. तात्या गावी परतताना पट्ट्यांची मापं कागदावर उतरवून घेऊन गेले आहेत. केजला त्यांच्या ओळखीचा एक वेल्डर आहे, नांगराचे फाळ करतो. बिजागरी मात्र पितळेची आण म्हणून पुतण्याला बजावून गेलेत, लोखंडाची गंजून कुरकुरते.